तापमानाचा काटा वर का चढतो: सोलापुरी उन्हात इंजिन समजून घ्यायची रीत

इंजिन शिकायचं तर सकाळी सहाला शिका. रात्रभर उभी असलेली गाडी, गार बोनेट, हातात टॉर्च आणि जुनी चादर फाडून केलेलं जाड फडकं, एवढं पुरे. पाना-स्क्रू ड्रायव्हर काही लागत नाही. दुपारी एकला बोनेट उघडून शिकायला गेलात तर पहिला धडा बोटांना मिळेल.

माझं गॅरेज अक्कलकोट रोडला आहे. मार्च संपला की गिऱ्हाइकांचा एकच प्रश्न सुरू होतो: "अण्णा, गाडी गरम का होतेय?" मी म्हणतो, गरम होणार नाही तर काय होणार? आग पेटवायलाच तर इंजिन बनवलंय. १०० रुपयांचं पेट्रोल जाळलंत तर त्यातले साधारण २५-३० रुपयेच गाडी ओढायला लागतात. तीसेक रुपये सायलेन्सरमधून धुरासोबत निघून जातात, जवळपास तेवढेच रेडिएटरमधून हवेत जातात, आणि उरलेले घासाघाशीत संपतात. म्हणजे गाडी पळवणं हे इंजिनाचं लहान काम आणि उष्णता बाहेर घालवणं हे मोठं. हे एकदा डोक्यात बसलं की बोनेटखालची निम्मी सामग्री तिथे कशाला आहे ते न सांगता कळतं.

आत काय चाललंय

बोनेट उघडा. मधोमध प्लॅस्टिकचं झाकण दिसेल, ते शोभेचं. त्याच्याखाली वर हेड आणि खाली ब्लॉक. ब्लॉकमध्ये गोल भोकं, ती सिलिंडर. त्यात खालीवर होणारा पिस्टन, पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड, आणि तळाला क्रँक. पिस्टन सरळ खालीवर जातो, क्रँक त्याचं गोल फिरणं करतो. पुढे क्लच, गिअरबॉक्स, चाक. तो विषय वेगळा, आज नको.

"सीसी" म्हणजे काय हे विचारायला लोक लाजतात, म्हणून हिशेबच करून दाखवतो. जुनी मारुती ८०० घ्या. सिलिंडरचा व्यास ६८.५ मिलिमीटर, पिस्टनची धाव ७२ मिलिमीटर, सिलिंडर तीन. व्यासाचा निम्मा ३४.२५, त्याचा वर्ग, गुणिले ३.१४, गुणिले ७२: एका सिलिंडरमागे २६५ घन सेंटिमीटरच्या किंचित वर. गुणिले तीन केलं की ७९६. गाडीचं नाव ८००, पण आरसी बुकावर ७९६ सीसी लिहिलेलं असायचं ते यामुळे. सीसी म्हणजे सगळे पिस्टन मिळून किती जागा झाडून काढतात, एवढंच.

आता चार धावा. पहिल्या धावेत पिस्टन खाली येतो, वरचा इनटेक व्हॉल्व्ह उघडा असतो, हवा-पेट्रोल आत ओढलं जातं. दुसऱ्या धावेत दोन्ही व्हॉल्व्ह बंद, पिस्टन वर चढतो आणि ते मिश्रण साधारण दहाव्या हिश्श्यात दाबतो. पिस्टन अगदी टोकाला पोचायच्या जरा आधीच प्लग ठिणगी टाकतो, कारण आग पसरायलाही वेळ लागतो. तिसरी धाव कमाईची: जळलेला वायू पिस्टनला खाली ढकलतो. चौथ्या धावेत एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो आणि धूर बाहेर. चारपैकी एकच धाव कमावते, बाकीच्या तीन तिच्या जिवावर होतात. त्यासाठीच क्रँकच्या टोकाला जड फ्लायव्हील असतं. निकोलाउस ओटो या जर्मन माणसाने १८७६ साली हे चार धावांचं इंजिन चालवून दाखवलं, आणि आज शोरूममध्ये उभी असलेली पेट्रोल गाडीही मुळात तेच करते.

डिझेलमध्ये ठिणगी नाही. तिथे नुसती हवा पंधरा-वीस पट दाबतात, ती दाबानेच ५०० अंशांच्या पुढे तापते, आणि त्यात डिझेलची फवारणी झाली की ते आपोआप पेटतं. रुडॉल्फ डिझेलचं इंजिन १८९७ साली नीट चाललं. डिझेल गाडी जागेवर उभी राहून तापायला वेळ घेते, कारण आयडलिंगला ती हवेच्या मानाने इंधन फारच थोडं जाळते. म्हणून डिझेलवाला म्हणतो "माझी कधीच गरम होत नाही," आणि एखाद्या दिवशी भरलेली गाडी घेऊन घाट चढताना त्याची तापलेल्या इंजिनाशी गाठ पडते.

आमच्या घरी वडिलांचे यंत्रमाग होते, साखर पेठेत. मला इंजिन तिथूनच लवकर कळलं. सोलापूरच्या पूर्व भागातल्या कुणाही विणकराला विचारा: साध्या मागाचा क्रँक शाफ्ट दोन फेरे घेतो तेव्हा खालचा बॉटम शाफ्ट एक फेरा घेतो, आणि त्या बॉटम शाफ्टवर बसवलेले कॅम, म्हणजे उंचवट्याची चाकं, आडवा धागा नेणाऱ्या धोट्याला मारतात. इंजिनातही क्रँक दोन फेरे घेतो तेव्हा कॅमशाफ्ट एक घेतो, आणि त्यावरचे कॅम व्हॉल्व्ह उघडतात. मागाचं टायमिंग चुकलं की धोटा ताण्यात, म्हणजे उभ्या धाग्यांत, अडकतो आणि शंभर धागे तुटतात. इंजिनाचं टायमिंग चुकलं, म्हणजे क्रँकवरून कॅमशाफ्ट फिरवणारा बेल्ट तुटला किंवा चेन सुटली, की बऱ्याच इंजिनांत वर येणारा पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो आणि हेड उचलावं लागतं. तुमच्या गाडीला बेल्ट आहे की चेन हे पुस्तिकेत बघून ठेवा. बेल्ट असेल तर कंपनीने सांगितलेल्या किलोमीटरला तो बदला, आवाज यायची वाट बघू नका. बेल्ट बोलत नाही. चेन सैल झाली तर सकाळी चालू करताना काही क्षण खळखळ ऐकवते.

आता वेग बघा. आरपीएमचा, म्हणजे मिनिटाला किती फेरे ते दाखवणारा, काटा ३००० वर आहे, म्हणजे होटगी रोडवर आरामात चाललेली गाडी. क्रँक सेकंदाला ५० फेरे घेतोय. प्रत्येक सिलिंडरात सेकंदाला २५ वेळा आग पेटतेय, चार सिलिंडर असतील तर १०० वेळा. प्रत्येक पिस्टन सेकंदाला १०० वेळा थांबून उलटा फिरतोय. आगीचं तापमान क्षणभर २००० अंशांच्या वर जातं. पिस्टन ॲल्युमिनियमचा, आणि ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं.

मग वितळत का नाही? कारण ती आग निमिषभराची असते आणि लगेच पुढच्या धावेत गार मिश्रण आत येतं. भिंतीला चिकटून वायूचा एक पातळ थर राहतो, तो थोडं अडवतो. भिंतीच्या मागून पाणी वाहत असतं, आणि पिस्टनच्या पोटावर खालून ऑईल उडत असतं. यातलं पाणी आणि ऑईल सांभाळणं तुमच्या हातात आहे. यातलं एक जरी गेलं तरी तो ६६०चा आकडा लांब राहत नाही, आणि त्याच्या बरंच आधी हेड वाकतं.

हवा आणि इंधन

निव्वळ पेट्रोल नीट जाळायचं तर एक किलोला १४.७ किलो हवा लागते. लिटरमध्ये मांडलं तर एक लिटर पेट्रोलमागे दहा हजार लिटरच्या आसपास हवा. ही सगळी हवा एअर फिल्टरमधून जाते, आणि आपल्याकडची हवा कशी असते ते दुचाकीवरून घरी आल्यावर तोंड पुसलं की कळतं. एअर फिल्टरचा डबा बहुतेक गाड्यांत क्लिपांनी उघडतो. फिल्टर काढा, उन्हाकडे धरा. आरपार उजेड दिसला तर चालेल. मळला असेल तर हलके आपटा, किंवा आतल्या स्वच्छ बाजूने बाहेर अशी हवा मारा. बाहेरून आत मारलीत तर धूळ कागदात आणखी रुतते. पाण्याने धुऊ नका. पुस्तिकेत लिहिलेलं अंतर पुण्या-मुंबईच्या रस्त्यावर धरा. कारखान्याच्या, शेताच्या कच्च्या रस्त्याने रोज जाणाऱ्याने त्याच्या निम्म्यात बदलावा.

मे महिन्यात दुपारी गाडीला पिकअप कमी वाटतो तो भास नाही. २० अंशांची हवा ४३ अंशांना तापली की पसरते. तेवढ्याच जागेत सात टक्क्यांनी कमी हवा मावते. कमी हवा म्हणजे कमी इंधन, म्हणजे कमी ताकद. त्यात एसीचा कॉम्प्रेसर त्याच इंजिनावर लटकलेला. मेकॅनिककडे जाऊन "ट्यूनिंग करा" म्हणायच्या आधी तीच गाडी पहाटे चालवून बघा.

किती इंधन सोडायचं, ठिणगी केव्हा टाकायची, हे आता ईसीएम, म्हणजे इंजिनाचा छोटा कॉम्प्युटर, ठरवतं. क्रँकचा सेन्सर, धुरातला ऑक्सिजन सेन्सर आणि पाण्याचं तापमान सांगणारा सेन्सर त्याला खबर देतात. हा शेवटचा सेन्सर लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे: इंजिन गार आहे अशी खबर आली की ईसीएम जास्त इंधन सोडतं.

इथेनॉलबद्दल दोन ओळी, कारण आपला जिल्हा उसाचा आणि कट्ट्यावर त्यावरून भांडणं होतात. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश उष्णता असते. त्यामुळे २० टक्के मिसळलेल्या पेट्रोलला निव्वळ पेट्रोलपेक्षा कागदावर सहा-सात टक्के कमी ॲव्हरेज यायला हवं, आणि आधीच्या १० टक्केवाल्याशी तुलना केली तर तीनेक. याहून जास्त घसरलं असेल तर दोष दुसरीकडे शोधा. इथेनॉल पाणी ओढतं, म्हणून दोन-दोन महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत ते साठवून ठेवू नका. आणि जुन्या गाडीचे रबरी फ्युएल पाइप वर्षातून एकदा बोटांनी दाबून बघा. चिकट किंवा फुगलेले लागले तर बदला.

ऑईल

सपाट जागा, गार इंजिन. डिपस्टिक काढा, पुसा, पूर्ण आत घाला, पुन्हा काढा. दोन खुणांच्या मध्ये असावं. वरच्या खुणेच्या वर भरणं हे खालच्या खुणेच्या खाली जाण्याइतकंच वाईट, कारण क्रँक ते ऑईल घुसळून फेस करतो आणि फेसाला दाब धरत नाही. काळा रंग बघून घाबरू नका. डिझेलचं ऑईल तर थोडं चाललं की काळं होतंच. दुधाळ तपकिरी दिसलं तर मात्र गाडी चालू करू नका, ऑईलमध्ये पाणी शिरलंय.

गाडी चालताना लाल ऑईलचा दिवा लागला तर पुढचा पंप, पुढचं गॅरेज, पुढचा चौक, काही नाही. बाजूला घ्या, बंद करा. तापमानाचा काटा चढल्यावर तुमच्याकडे काही मिनिटं असतात, ऑईलचा दाब गेल्यावर नसतात.

पुण्याहून एका दमात आलेली टर्बो गाडी दारात लावताच किल्ली फिरवू नका, मिनिटभर आयडल चालू द्या. टर्बोच्या बेअरिंगला गार करणारं ऑईल इंजिन बंद होताच थांबतं.

पाण्याची वाट

आता मूळ मुद्दा, आणि इथे मी घाई करणार नाही.

पाणी पंपापासून निघतं. पंपाला आम्ही गॅरेजवाले वॉटर बॉडी म्हणतो. तिथून ते ब्लॉकमध्ये, सिलिंडरच्या भोवती, मग वर हेडमध्ये, व्हॉल्व्ह आणि प्लगच्या आजूबाजूला जातं. हेडमधून बाहेर पडायच्या तोंडाशी बहुतेक गाड्यांत थर्मोस्टॅट असतो. त्यात मेण भरलेली डबी असते. पाणी ८२ ते ९० अंशांच्या आसपास तापलं की मेण वितळून फुगतं, दांडी ढकलतं, दार उघडतं आणि पाणी वरच्या जाड पाइपमधून रेडिएटरकडे जातं. तोवर ते आतल्या आतच छोट्या वाटेने फिरत राहतं, इंजिन लवकर तापावं म्हणून. रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून उतरताना हवा त्याची उष्णता घेते, आणि गार झालेलं पाणी खालच्या पाइपने परत पंपाकडे येतं.

हे हाताने तपासता येतं. गार गाडी चालू करा, वरच्या जाड पाइपला फडक्यावरून हात लावत राहा, पट्ट्यांपासून आणि पंख्यापासून बाही लांब. काही मिनिटं पाइप गार राहील, मग एकदम तापेल. तो क्षण म्हणजे थर्मोस्टॅट उघडला. सुरू केल्यापासूनच हळूहळू कोमट होत गेला तर तो उघडा अडकलाय. काटा वर गेला तरी पाइप गारच असेल तर तो बंद अडकलाय. लगेच गाडी बंद करा.

आणि इथे माझं आमच्याच धंद्यातल्या लोकांशी भांडण आहे. सोलापूरच्या उन्हात गाडी गरम व्हायला लागली की सोपा उपाय म्हणून व्हॉल्व्ह, म्हणजे हा थर्मोस्टॅट, काढून टाकतात. "आपल्याकडं थंडी कुठाय, लागतोय कशाला?" असं म्हणून गिऱ्हाइकाच्या हातात ठेवतात. गाडी पहिल्यापेक्षा गार चालते, गिऱ्हाईक खूश. पण वर सांगितलेला सेन्सर आठवा. पाणी नीट तापत नाही, ईसीएमला वाटतं इंजिन अजून गारच आहे, ते जास्त इंधन सोडत राहतं. ॲव्हरेज पडतं, न जळलेलं पेट्रोल सिलिंडरची भिंत धुऊन ऑईलमध्ये उतरतं, पिस्टनच्या रिंगा झिजतात. वर अनेक इंजिनांत थर्मोस्टॅटच छोटी वाट बंदही करत असतो. तो काढला की ती वाट कायम उघडी, आणि ऐन उन्हात थोडं पाणी रेडिएटरकडे न जाताच परत इंजिनात जातं. तुमच्या गाडीचा काढला असेल तर नवा बसवून घ्या. महाग वस्तू नाही.

आता कॅप. रेडिएटरची किंवा त्याला जोडलेल्या पाण्याच्या बाटलीची कॅप नुसतं झाकण नाही, तिच्यात स्प्रिंगचा व्हॉल्व्ह आहे. आत साधारण एक बारचा जादा दाब ती धरून ठेवते. दाब वाढला की पाण्याचा उकळबिंदू वाढतो. १०० अंशांना उकळणारं साधं पाणी या दाबाला १२० अंशांच्या आसपास उकळतं. गरम गाडीची कॅप उघडली की दाब एका झटक्यात जातो, आणि ११० अंशांचं शांत दिसणारं पाणी त्याच क्षणी वाफ होऊन तोंडावर येतं. म्हणून गरम गाडीची कॅप उघडायची नाही. कुणी सांगितलं तरी नाही, मी सांगितलं तरी नाही. कॅपचं रबर चिरलेलं असेल तर दाब राहत नाही आणि धडधाकट गाडीही उकळते. रेडिएटर बदलायच्या आधी कॅप बदलून बघा.

मग पाणी कुठलं घालायचं. "अण्णा, बोअरचं घातलं, चालतंय की!" असं म्हणणारा आठवड्याला एक भेटतो. नळाला पाणी रोज येत नाही, बोअर दारात आहे, समजू शकतो. पण आपल्या बोअरचं पाणी क्षाराचं. गिझरच्या कॉइलवर आणि बादलीच्या कडेला जो पांढरा थर बसतो तोच रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. नळी आधीच बारीक, आणि तो थर उष्णता जाऊ देत नाही. बाहेरून रेडिएटर चकाचक, आतून तुंबलेला. शिवाय साध्या पाण्याने ॲल्युमिनियमचं हेड आतून कुरतडलं जातं. ते थांबवणारी औषधं रेडिएटरसाठी विकत मिळणाऱ्या द्रवात, म्हणजे कूलंटमध्ये, असतात.

तेव्हा तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेला कूलंट घ्या. तयार मिसळलेला असेल तर तसाच ओता. घट्ट असेल तर बॅटरीच्या दुकानात मिळणारं डिस्टिल्ड वॉटर घालून सहसा निम्मं-निम्मं करा. हिरवा, लाल, निळा हे कंपनीचे रंग, त्यावरून जात ठरवू नका. दोन वेगळ्या प्रकारचे एकात एक ओतू नका, काही वेळा गाळ होतो. "आपल्याकडं बर्फ पडत नाही, कूलंट कशाला" हा युक्तिवादही सोडा: कूलंट पाण्याचा गोठणबिंदू खाली नेतो तसा उकळबिंदू वर नेतो, आपल्याला तो दुसरा फायदा हवाय. उरलेला कूलंट उघडा ठेवू नका. चवीला गोड आणि विषारी असतो. कुत्र्या-मांजरांनी चाटला तर मरतात, लहान मुलांचंही तेच भय.

महिन्यातून एकदा, गार गाडीवर, बाटलीची पातळी मिन आणि मॅक्सच्या मध्ये आहे का बघा. एकदा थोडं भरावं लागलं तर हरकत नाही. दर आठवड्याला भरावं लागत असेल तर ते कुठेतरी जातंय: पाइपच्या क्लॅम्पपाशी, वॉटर बॉडीखाली, केबिनमधल्या हीटरपाशी (गालिचा ओला, गोडसर वास), किंवा हेड आणि ब्लॉकच्या मधल्या पातळ थरातून, म्हणजे हेड गॅस्केटमधून, सिलिंडरात. शेवटचं असेल तर तापलेल्या गाडीच्या सायलेन्सरमधून पांढरी, गोडसर वासाची वाफ येत राहते.

पंखा तपासणं सोपं. गाडी चालू करून एसी लावा. बहुतेक गाड्यांत थोड्या वेळात रेडिएटरचा पंखा फिरायला लागतो. मग एसी बंद करून आयडलवर तापू द्या. काटा नेहमीच्या जागेच्या जरा वर गेला की पंखा आपोआप लागायला हवा. हात लांब ठेवा. गाडी बंद असतानाही हा पंखा फिरू शकतो.

रेडिएटरच्या पुढे एसीचा कंडेन्सर असतो, आणि दोघांच्या मधल्या फटीत माती, किडे, उसाच्या पाचटाचा भुगा बसतो. हे पुढून दिसत नाही. सर्व्हिसिंगला "मधलं धुवा" असं सांगून धुवून घ्या, कमी दाबाच्या पाण्याने. प्रेशर गनने जवळून मारलं की पाती वाकतात.

केव्हा चढतो, त्यावरून कुठे बिघडलंय

गॅरेजला आल्यावर "गरम होतेय" एवढंच सांगू नका. केव्हा होते ते सांगा, निम्मं निदान तिथेच होतं.

सात रस्त्याच्या सिग्नलला उभी असताना चढतो आणि गाडी पळायला लागली की उतरतो: पंखा, त्याचा फ्यूज, रिले, मोटर. पळताना वाऱ्यानेच रेडिएटर गार होतो, उभ्या गाडीला पंख्याशिवाय कोण नाही.

गावात ठीक, पण हैदराबाद रोडला ऐंशीच्या पुढे किंवा घाटात चढतो: रेडिएटर आतून तुंबलाय, पाणी कमी आहे, थर्मोस्टॅट अर्धाच उघडतोय किंवा वॉटर बॉडीची पाती झिजलीत.

चालू केल्यावर चार-पाच मिनिटांतच चढतो: थर्मोस्टॅट बंद अडकलाय, किंवा पाणी भरताना आत हवा राहिलीय, किंवा हेड गॅस्केट. तपास असा: गार गाडीची कॅप उघडा, मग चालू करा. सुरुवातीला थोडे बुडबुडे येऊन थांबले तर ती अडकलेली हवा. येतच राहिले आणि रेस दिल्यावर वाढले, तर सिलिंडरातला वायू पाण्यात शिरतोय.

काटा वर येतच नाही: थर्मोस्टॅट उघडा अडकलाय, किंवा कुणीतरी काढून टाकलाय. कोण ते तुम्हाला आता माहीत आहे.

बऱ्याच नव्या गाड्यांत काटा नसतो, निळा आणि लाल असे दोन दिवे असतात. निळा म्हणजे अजून गार. जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, पहाटे तो जरा जास्त वेळ राहील. तोवर गाडी हळू चालवा, उभी करून रेस देऊ नका. लाल म्हणजे उशीर झालाय.

घाटात चढला तर

मे महिना, दुपार, गाडीत पाच माणसं, एसी फुल्ल, तुळजापूरचा घाट, पुढे उसाचा ट्रक रांगत चाललेला. काटा मध्याच्या वर सरकला.

एसी बंद करा. काचा खाली. मग हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर पूर्ण वेगाने. घरची माणसं ओरडतील, ओरडू द्या. हीटर म्हणजे केबिनमधला छोटा रेडिएटरच, इंजिनाची थोडी उष्णता तो गाडीच्या आत काढतो. उंच गिअरमध्ये गाडी कण्हत असेल तर एक गिअर खाली टाका, म्हणजे पंप जोरात फिरेल आणि इंजिनावरचा ताण उतरेल. ट्रकच्या मागे चिकटू नका, त्याची गरम हवा तुमच्या रेडिएटरवर येते. एवढ्याने काटा उतरला तर तसेच वर जा आणि तुळजापूरला पोचून गाडी गार झाल्यावर पाणी बघा.

नाही उतरला तर वळण सोडून रुंद जागा बघा, बाजूला घ्या, पार्किंगचे दिवे लावा. वाफ नाही, खाली पाणी गळत नाही, तर गाडी दोनेक मिनिटं आयडलवर हीटरसकट चालू ठेवा. इंजिन एकदम बंद केलं तर पंपही थांबतो, आणि हेडमध्ये साठलेली उष्णता तिथल्याच पाण्याला उकळवते. पण वाफ दिसली, पाणी गळताना दिसलं किंवा काटा लालमध्ये असेल तर तत्क्षणी बंद. पाणीच नसलेल्या इंजिनात पंप काय फिरवणार? आणि एक फसगत सांगून ठेवतो: पाणी पूर्ण गेलं की काही वेळा काटा उलट खाली पडतो, कारण सेन्सरला टेकायला पाणीच उरत नाही. काटा उतरला आणि हीटरमधून गार हवा यायला लागली, तर ती सुटका नाही. बंद करा.

बोनेट उघडून ठेवा, पण वाफ असेल तर आधी ती बसू द्या. किमान अर्धा-पाऊण तास थांबा. इंजिनावर वरून गार पाणी ओतणारे लोक दर उन्हाळ्यात दिसतात. ते करू नका. हेड ॲल्युमिनियमचं; पुष्कळ जुन्या इंजिनांत त्याच्याखालचा ब्लॉक बिडाचा, आणि ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळपास दुप्पट पसरतं. त्या दोघांत आधीच ओढाताण चाललेली असते, त्यात एकाच बाजूवर गार पाणी पडलं की हेड वाकतं किंवा चिरतं. मग लेथवर नेऊन हेडचं फेसिंग, गॅस्केट, मजुरी, दोन-चार दिवस गाडी उभी.

वरचा पाइप फडक्यावरून दाबून बघा. टणक असेल तर आत अजून दाब आहे, थांबा. मऊ पडला की फडकं कॅपवर टाका, तोंड बाजूला करा, थोडी फिरवा, सुस्कारा संपू द्या, मग पूर्ण उघडा. पाणी हळूहळू घाला, शक्य असेल तर इंजिन चालू ठेवून. या वेळी बिसलेरी असो की मंदिराच्या नळाचं, चालेल, नाइलाज आहे. फक्त सोलापूरला परत आल्यावर मेकॅनिकला ते सांगा, म्हणजे तो सगळं काढून, धुऊन, परत कूलंट भरेल. भरून झाल्यावर हवा काढायला लावा: गाडीचं तोंड चढावर, हीटर गरमवर, कॅप उघडी, थर्मोस्टॅट उघडून पंखा एकदा लागून बंद होईपर्यंत आयडल, मध्ये पातळी खाली गेली की भर. मगच कॅप. दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी चालू करायच्या आधी, बाटलीतली पातळी पुन्हा बघा; कालच्या खुणेपेक्षा बोटभर खाली असेल तर तेवढं भरा आणि तिसऱ्या दिवशीही बघा, आणि तेव्हाही उतरलेली असेल तर गाडी घेऊन या.